व्हिडिओ कॉलसाठी बांधलेला पटका

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, करोनात मोबाइलवरच्या डॉक्टरांसमोर पटका बांधून बसले. तीन दिवस अंगात ताप, मोरीपर्यंत जाऊन आले तरी धाप. शाहूवाडीकडचं आमचं गाव बंद, एसटी बंद. ऑक्सिजन मोजायचं यंत्र गावच्या आशा सेविकेकडे एकच, तेही दुसऱ्या वाडीवर गेलेलं. म्हणून नवऱ्यानं कोल्हापूरच्या एका डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. मामांच्या लेखी मात्र घरी पाहुणा येत होता, आणि पाहुण्यासमोर कण्हायचं नाही ही आमच्याकडची रीत.

डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"झ्याक हाय की. तुमचं कसं काय? जेवण झालं न्हवं?"

धाप लागते का, असं विचारल्यावर त्यांनी "न्हाय ओ" म्हणत हात झटकला. बसल्या जागी ते खरंच ठणठणीत दिसत होते. डॉक्टर गोळ्या सांगून फोन ठेवायला निघाले. माझं डोकंच फिरलं.

मी नवऱ्याच्या हातातून मोबाइल घेतला. "डॉक्टर, मामा खोटं बोलतायत. गोठ्यापर्यंत चालवून आणते, मग विचारा."

"सुनंनं मधी बोलायचं न्हाय," मामा म्हणाले. नवरा डोळे वटारत होता. परक्यासमोर सासऱ्याला खोटं पाडणारी सून आमच्या भावकीत तोवर झाली नव्हती. मग मी पहिली. मोबाइल त्यांच्यावर रोखून म्हटलं, "उठा मामा."

हट्टी माणूस, मलाच खोटं पाडायला तावातावानं उठला. गोठा वीस पावलांवर. परत येताना त्यांनी खांब धरला, पटका कपाळावर घसरला. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर तोंडातून शब्द फुटेना.

"ॲम्ब्युलन्स बोलवा, आत्ताच," डॉक्टर म्हणाले. मी पुरती घाबरले होते, पण मोबाइल खाली केला नाही.

दवाखान्यात सोळा दिवस काढून मामा परतले. तेव्हापासून ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सुनंनं माझी अब्रू घालवली." नवरा म्हणतो, एकदा माफी माग आणि विषय संपव. नाही मागणार. मामा तासतासभर, एकदाही धाप न लागता, मला नावं ठेवतात. मी हातातलं काम थांबवून ते शेवटपर्यंत ऐकते.