पान लागलं

घोटीच्या आमच्या शेतात, भाताच्या बांधावर गवत कापता कापता सासूबाई मटकन खाली बसल्या. "मला पान लागलं गं," म्हणाल्या. मी शहरात, गंगापूर रोडला वाढलेली. मला वाटलं, खाजकुयलीचं पान लागलं असेल. "खाजवू नका आई, पाण्यानं धुवा," म्हणत मी बाटली पुढे केली. त्यांनी पाऊल दाखवलं. घोट्याजवळ रक्ताचे दोन ठिपके होते आणि भोवती सूज यायला लागली होती.

"साप चावला? मग साप म्हणा ना!" मी ओरडले.

"त्याचं नाव नको घेऊ. विष चढतं."

माझं डोकंच फिरलं. जीव जायची वेळ आणि शब्दांचं कसलं सोवळं! त्यांना गाडीत घातलं आणि हॉर्न दाबतच दवाखाना गाठला. वाटेत त्यांचे डोळे मिटायला लागले.

डॉक्टरांनी विषावरचं इंजेक्शन सुरू केलं, तेव्हा कुठे मी नवऱ्याला फोन लावला. "काय झालं?" त्यानं विचारलं. काचेपलीकडे सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. मी तोंड उघडलं, पण तो शब्द काही केल्या बाहेर पडेना.

"आईंना पान लागलंय," मी म्हणाले.