मामाजींच्या मालगाडीचे डबे

मामाजी आधी मला विसरले, मग स्वतःच्या मुलाला.
मालगाडीचा कोणता डबा कोणत्या काळातला, हे मात्र शेवटपर्यंत विसरले नाहीत.

काल सकाळी ते गेले.

मामाजी म्हणजे माझे सासरे. तुमसर-तिरोडी लाइनवरच्या एका लहानशा स्टेशनावर मास्तर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी सिहोऱ्याच्या घरातली मधली खोली ताब्यात घेतली आणि तिथे आपलं जुनं स्टेशन उभं केलं. प्लायवूडवर रूळ, पुठ्ठ्याचं ऑफिस, काड्यांची झाडं.
आमचा फ्रिज त्यामुळे आजही व्हरांड्यात आहे.

मी अड्याळची. आमच्या गावात रेल्वे नाही. मालगाडी म्हणजे फाटकावर आपला वेळ खाणारी वस्तू, एवढीच माझी समज. तरी डबे ऑनलाइन मागवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

पहिला डबा मी मोठ्या हौसेने मागवला. मामाजींनी चष्मा पुसून पाहिला आणि परत खोक्यात ठेवला.
"सुनबाई, हा तवा नवता. हा त तुमच्या लग्नाच्या वखताचा हाय."
"मग रंग द्या न, मामाजी."
"रंगानं वय लपते का?"

त्यांच्या स्टेशनाचा काळ ठरलेला होता. प्रशांत, म्हणजे माझा नवरा, पहिलीत गेला तो.
तेव्हा चार चाकांचे जुने तांबडे डबे अजून धावत होते आणि आठ चाकांचे लांब डबेही येऊ लागले होते. दोन्ही चालतील. त्यानंतरचं काहीही रुळावर येणार नाही.

मी मागवायची, ते रिजेक्ट करायचे, मी रिटर्न करायची. शेवटी वैतागून ते स्वतःच पत्रा कापून डबे बनवायला लागले. चाकं तेवढी मी मागवलेली.

मग विसरणं सुरू झालं.
आंघोळ केली का, जेवलो का. मग माझं नाव. मग मी कोण, तेच.

एक दिवस पाहते तर लांब डबे सगळे रुळावरून काढून खिडकीत ठेवलेले.
"काहून काढले जी, मामाजी?"
"हे अजून आले नाहीत."

मला वाटलं, नवीन खूळ.
काही दिवसांनी डिझेल इंजिनही खिडकीत गेलं.
"आपल्या लाइनवर कोळशाचंच इंजिन चालते, बाई."

प्रशांत तिथेच चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.
"डिझेल आलं ते मी झाल्यावर. आई सांगे," तो मला म्हणाला. "म्हणजे आता बाबाच्या हिशेबानं मी झालोच नाही."

त्याला ते सहन झालं नाही. तो नागपूरहून आजच्या काळातली अख्खी गाडी घेऊन आला. विजेचं इंजिन, मागे लांब चकचकीत डबे. बाबांना आजच्या दिवसात परत आणायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. मामाजी दुपारी झोपलेले असताना त्याने ती रुळावर लावून ठेवली.

मामाजी उठून आले. पाहिलं. आणि घाबरले.
"ही गाडी कोणं घेतली? म्या लाइन क्लिअर देल्ली नाही!"

लाइन क्लिअर म्हणजे गाडी येऊ द्या, अशी मास्तरने दिलेली परवानगी. तिच्याशिवाय गाडी आली की टक्कर.

"समोरून मॅंगनीजची गाडी येऊन राहिली. मरतीन न लोकं."
दोरीवरचा माझा लाल टॉवेल ओढून ते रुळांसमोर हलवत उभे राहिले. लुंगी ओली झाली होती.

प्रशांतने गाडी उचलली आणि मागच्या अंगणात जाऊन रडला.

त्या दिवसापासून डबे निवडायचं काम मी घेतलं. मामाजी कोणता डबा बाजूला सारतात ते पाहायचं आणि तो गुपचूप काढून घ्यायचा. ज्याच्यावरून हात फिरवतात तो राहू द्यायचा. ते ज्या काळात असतील, तो काळ टेबलावर मांडून ठेवायचा.

प्रशांत चिडला. "तू त्याईले अजून मागं ढकलून राहिली."
"ते जाऊनच राहिले, प्रशांत. एकटे जाऊन राहिले."

तो माझ्याशी बोलेना.

मग एका दुपारी तो आपणहून त्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. रुळावर तेव्हा फक्त कोळशाचं इंजिन आणि छोटे तांबडे डबे होते.
"मास्तरसाहेब, पॅसेंजरले टाइम हाय का?"

मामाजींनी वर पाहिलं. ओळख काहीच नव्हती, पण चेहरा खुलला.
"हाय थोडा. हे मालगाडी जाऊ द्या अगोदर. बसा न."
प्रशांत बसला.
"लेकरं किती तुमाले?" मामाजींनी विचारलं.
"एक पोरगी. अन् तुमाले जी?"

मामाजी लाजले. खरंच लाजले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं.
"अजून नाही. पण क्वार्टरात बाईले दिवस हायेत."
मग त्याच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "कोणाले सांगत नाही, पण मी त त्याची आतापासूनच वाट पाहून राहिलो. ड्युटीत ध्यानच लागत नाही."

प्रशांतने नुसता त्यांचा हात धरला. अनोळखी माणसाने असा हात का धरला, हे मामाजींनी विचारलं नाही.

त्यानंतर तो रोज दुपारी पॅसेंजर होऊन जायचा. रोज नव्याने ऐकून यायचा की बाप आपली किती वाट पाहतोय.

आता घरात पाहुणे आहेत. प्रशांत त्या खोलीत जाऊन बसला आहे. चहाला बोलवा म्हणतात सगळे. मी बोलावणार नाही.

मामाजी, शेवटचा नमस्कार.
तुमची सुनबाई