तळाची गाठ

शिवणकामात छाया कुणाच्या बापाला भीत नसे. वडनेर भोलजीत तिच्या हाताखाली चार बाया मशीन चालवायच्या. नांदुऱ्याचे व्यापारी हिंमतराव यांनी कापूस वेचायच्या तीनशे झोळ्यांचं काम आणलं, तेव्हा तिनं अट घातली. आधी दहाच शिवीन, शेतात दिवसभर वापरून पाहू, मग पुढचं.

"नमुना मले पसंत हाये ना! नाईतर दुसरा टेलर पाहातो," हिंमतराव तडकले.

"तुम्ही कुठं कापूस वेचता भाऊ?"

बोलून गेली खरी, पण धोका मोठा होता. काम गेलं तर चारही मशीन बंद पडणार होत्या. हे आधी दहाच शिवायचं खूळ भाचीचं. निशिगंधा पुण्यात मोबाइलची ॲप बनवते. थोडं बनवायचं, वापरणाऱ्याच्या हाती द्यायचं, चूक दिसली की सुधारायचं. त्यांच्यात याला अजाइल म्हणतात. "आणि आत्या, कसं वाटलं असं विचारू नको. माणूस तोंडावर वाईट बोलत नाई. नुसतं पाहात राह्य." एवढ्यासाठी कंपनी पगार देते, याचं छायाला भारी नवल वाटलं होतं.

हिंमतराव कुरकुरत दहा झोळ्यांना कबूल झाले. शेतात त्या वापरणाऱ्या सगळ्याजणी "लय मस्त झोळी" म्हणत होत्या. त्यांच्यातली रुखमाबाई मात्र छायाकडं पाठ करूनच वेचत होती. छाया जवळ गेली. झोळीची तळाची शिवण चक्क उसवलेली, आणि तिथं सुतळीची गाठ!

"चुकलं बाई, शिवून देतो," रुखमाबाई घाबरली. "भरली झोळी डोक्यावरून काढाले खांदा लय दुखते. आता गाठ सोडली का कापूस सरळ ढिगावर."

छायाला तिला मिठीच मारावीशी वाटली. वीस वर्षं झोळ्या शिवून आपल्याला हे सुचू नये, याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती झोळी आणि रुखमाबाई, दोघींना घेऊन तिनं हिंमतरावांचं दुकान गाठलं.

"फाडली ना हिनं!" हिंमतराव ओरडले.

छायानं रुखमाबाईच्या गळ्यात झोळी अडकवली, कापूस ठासून भरला आणि गाठ सोडायला सांगितलं. सगळा कापूस क्षणात हिंमतरावांच्या पायाशी.

"दर आठवड्याले पन्नास देईन, अशाच," छाया म्हणाली. "खोट दिसली तं पुढच्या पन्नासात काढू."

हिंमतरावांनी गाठ दोनदा बांधून, सोडून पाहिली. "बरं, पन्नास तं पन्नास. पण आता तं काही खोट नाई ना?"

"हाये ना," रुखमाबाई म्हणाली. "पट्टा काचते."

काल पाठ फिरवणारी बाई आज व्यापाऱ्याच्या तोंडावर खोट सांगत होती. छायाला काम मिळाल्यापेक्षा त्याचाच जास्त आनंद झाला.

"कुठं काचते, दाखव," ती म्हणाली.