राखीव बांगडा

माझ्या शेजारच्या मावशी मालवणच्या. लॉकडाऊनमुळे इथे आयर्लंडमधल्या मेनूथला लेकाकडे अडकलेल्या. लेक दूरच्या ज्वालामुखी बेटांभोवतीच्या राखीव समुद्रावर संशोधन करतो. त्याच्या लॅपटॉपवर मासा दिसला, की मावशी ठरवतात, तळायचा की तिखलं करायचं.

"राखीव? कोणासाठी रे झिला?" त्यांनी एकदा विचारलं.

"माशांसाठीच, आई."

दिवसभर त्या एकट्याच हसत होत्या.

निर्बंध सैल झाले, तेव्हा आम्ही अंगणात जेवलो. भात माझा, बांगडे त्यांचे, अशी वाटणी मीच लावून दिली होती. शेवटच्या तुकडीवर माझा आणि त्यांच्या लेकाचा हात एकदमच गेला. मावशींनी ताटली ओढली.

"हात लावू नको गो. राखीव आसा."

"कोणासाठी?" मी विचारलं.

"माशासाठीच. मोठ्या माशासाठी," म्हणाल्या आणि तुकडी गट्ट केली.