लाल गोधडी, पांढरी चादर

ऑर्लिन त्वाइट हा माणूस मुळातच दोन मनांचा. बीटाच्या साखर कारखान्यात तो फिटर होता. व्हॉल्व्ह बंद केला की चार पावलं जायचा, परत यायचा, हात लावून बघायचा, पुन्हा जायचा. त्याच्या पाळीतला डेलमर सगळ्यांना सांगायचा, "ऑर्लिनच्या लग्नात पाद्र्यानं प्रश्न विचारला शनिवारी, ह्यानं हो म्हटलं मंगळवारी." आता हे काही खरं नाही. पण ऑर्लिनची बायको आर्डिस हे ऐकून खो खो हसायची, तेव्हा अगदीच खोटंही नसावं.

एका बाबतीत मात्र त्याचं मन जन्मात डळमळलं नाही. त्याला एक रानमेंढा मारायचा होता. एकच.

हरीण आमच्या मोन्टाना राज्यात कोणीही मारतं. हरीण म्हणजे हिवाळ्याची बेगमी. आर्डिससुद्धा दरवर्षी एक पाडायची, आणि खरं सांगायचं तर नेम तिचाच चांगला होता, कारण ती विचार करत बसायची नाही. रानमेंढ्याचं तसं नाही. तो राहतो कड्यांवर, जिथं शेळीलाही घेरी यावी. ज्यांच्याकडे पैसा आहे ते वाटाड्या ठरवतात, विमानानं उत्तरेकडे जातात आणि एका घराची किंमत मोजून शिंगं घेऊन येतात. ऑर्लिनच्या दातांच्या डॉक्टरनं तेच केलं होतं. दवाखान्यात खुर्चीसमोरच ते डोकं टांगलेलं. तोंडात हत्यारं असताना ऑर्लिन त्याच्याकडे बघत पडायचा आणि डॉक्टर विचारायचा, दुखतंय का? दुखायचं, पण दात नव्हे.

बाकीच्यांसाठी परवान्यांची सोडत असते. दर वसंतात अर्ज करायचा, दर उन्हाळ्यात नकार यायचा. सोडतीत नशीब नाही त्याच्यासाठी उरतो एकच मुलूख, आमच्या दक्षिणेचे ते उंच डोंगर. तिथं परवाना मागेल त्याला मिळतो, म्हणून त्या भागाचं नावच 'अनलिमिटेड'. मेख अशी की सगळ्यांनी मिळून तिथं दोनच मेंढे मारायचे. दुसरा पडला की हंगाम बंद, मग तुम्ही कुठल्याही सुळक्याला लटकलेले असा. त्यानंतर चाप ओढलात तर तुम्ही चोर. डेलमर म्हणायचा, "अनलिमिटेड आहे ती तंगडतोड."

तर ऑर्लिन दर सप्टेंबरात, बीटाचा हंगाम सुरू व्हायच्या आत, सुट्टी काढून तिथं जायचा. एकदा कारखान्याची भट्टी पेटली की मग फेब्रुवारीपर्यंत डोकं वर काढायची सोय नाही. बंदूक बापाची. बूट इतक्या वेळा तळ बदललेले की मूळचं त्यात काय उरलं होतं देव जाणे. तंबू आर्डिसनं ट्रकच्या जुन्या ताडपत्रीतून शिवलेला. खायला ओट, आणि घरच्याच भट्टीत वाळवलेलं हरणाचं मांस, जे चावता चावता जबडा दुखायचा. चांगली अशी एकच वस्तू होती, दुर्बीण. ती घेण्यासाठी त्यानं मासेमारीची होडी विकली, आणि आर्डिसच्या भावानं ते त्याला अजून माफ केलेलं नाही.

वर गेल्यावर हंगाम चालू की बंद हे कळायचं कसं? ते दिवस खिशात फोन असण्याचे नव्हते. मग नवराबायकोनं आपली एक युक्ती काढली. डोंगराखाली रस्ता संपतो तिथं एक माळ आहे. आर्डिस त्या माळावर, पिकअपमागे ओढून आणलेल्या चाकांवरच्या खोपटात मुक्काम करायची. रोज सकाळी पिकअप घेऊन दुकानापर्यंत जायची, तिथून शिकारखात्याच्या नंबरवर फोन लावायची आणि टेपवरचा बाईचा आवाज ऐकून परत यायची. हंगाम चालू असेल तर दोरीवर पांढरी चादर. बंद झाला असेल तर तिच्या आईची लाल गोधडी, म्हणजे गाशा गुंडाळ आणि खाली ये. ऑर्लिन कड्यावरून दुर्बीण लावायचा आणि चादर बघायचा. इतकी वर्षं चादरच दिसली. तो वर असताना हंगाम कधी बंद झालाच नाही, आणि मेंढाही कधी नीट सापडला नाही. माद्या दिसायच्या, पोरसवदा नर दिसायचे, नाहीतर नुसत्या लेंड्या.

मी सांगतोय त्या वर्षी त्याचा खुबा गेलेला होता. हिवाळ्यात शस्त्रक्रिया ठरली होती, आणि डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की त्यानंतर पाठीवर ओझं घेऊन डोंगर नाही. हे शेवटचं वर्ष आहे हे दोघांना माहीत होतं. कुणी बोलून दाखवलं नाही. निघताना आर्डिसनं त्याच्या पिशवीत मोजे जास्तीचे कोंबले, तेवढंच.

पहिले काही दिवस धुक्यात गेले. मग एका सकाळी आभाळ लख्ख उघडलं, ऑर्लिन लंगडत धारेवर आला, पोटावर झोपला, आणि समोरच्या कड्याखालच्या सपाटीवर तो बसलेला दिसला.

एकटाच होता. पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून रवंथ करत होता. शिंगं मागून खाली जाऊन गालावरून परत वर आलेली, टोकं झिजून बोथट झालेली. मारायचा तर नियमानं शिंगाचा पाऊण वेढा झालेला लागतो. इथं शंकेला जागाच नव्हती. वारा ऑर्लिनच्या तोंडावर, म्हणजे मेंढ्याला माणसाचा वास जायची भीती नाही. अंतर असं की आर्डिसनं बसल्या बसल्या मारला असता. ऑर्लिनचं काळीज इतकं उडत होतं की दुर्बिणीत मेंढाच उड्या मारतोय असं वाटावं.

पण चाप ओढण्याआधी माळाकडे बघायचंच, हा त्याचा स्वतःचा नियम. त्यानं दुर्बीण वळवली.

दोरीवर पांढरी चादर होती. आणि तिच्या शेजारी लाल गोधडीही होती.

त्यानं भिंग सदऱ्यानं पुसलं. पुन्हा बघितलं. दोन्ही. अगदी शेजारी शेजारी, चिमटे लावून.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? धुकं होतं इतके दिवस, गोधडी ओलावली असेल, वाळत घातली असेल. पण आर्डिस ती गोधडी नुसती वाळत घालणार नाही, तिला माहीत आहे तिचा अर्थ काय तो. मग बंद झाला असेल, आणि चादर काढायची राहिली. पण आर्डिस काही विसरत नाही, विसरणारा तो. की आधी गोधडी टांगली, मग चूक कळली आणि वर चादर टांगली? मग गोधडी काढली का नाही? की तिला काही झालंय आणि ती त्याला बोलावतेय? त्यासाठी तर काही ठरलंच नव्हतं. क्षणभर त्याला असंही वाटलं की आपणच उलटं धरून बसलोय, लाल म्हणजेच चालू. इतक्या वर्षांचं पाठ झालेलं, तेही हातातून निसटायला लागलं.

त्यानं मेंढ्याकडे बघितलं. मेंढा रवंथ करत होता. त्याला कसली घाई?

अशा वेळी बापाचा एखादा शहाणपणाचा बोल आठवावा, तसं काही ऑर्लिनला आठवलं नाही. आठवला डेलमरचा चुलतभाऊ. त्यानं हंगाम संपल्यावर हरीण मारलं होतं. दंड भरला, बंदूक जप्त झाली, ते सगळं ठीक. पण कारखान्याच्या जेवणघरात त्याच्या शेजारी कोणी कॉफी घेऊन बसेना. शेवटी तो दुसऱ्या राज्यात निघून गेला. ऑर्लिननंही तेव्हा आपला कप उचलून दुसऱ्या टेबलावर नेला होता.

खाली जाऊन विचारून यावं, तर उतरायला दिवस जाणार आणि चढायला खुबा परवानगी देणार नाही. न विचारता मारावा, तर आयुष्यभराची गोष्ट चोरीची होणार. आणि हंगाम चालू असला, तर? तर एवढ्यासाठी होडी विकली, एवढ्यासाठी पाय झिजवले, आणि तो समोर बसलेला असताना आपण धुतलेल्या कपड्यांकडे बघत बसलोय. तो कात्रीत असा सापडला की त्याला हसू यायला लागलं, आणि मग हसताना डोळ्यांत पाणी आलं.

दुपारपर्यंत मेंढा तीनदा उठला, थोडं चरला, परत बसला. एकदा तर तोंड वळवून सरळ ऑर्लिनच्या दिशेनं बघत राहिला. ऑर्लिन दर वेळी बंदूक उचलायचा, दर वेळी माळाकडे बघायचा. चादर आणि गोधडी तशीच. वाऱ्यानं दोन्ही एकदमच हलायच्या.

उन्हं कलल्यावर त्यानं बंदुकीतून गोळी काढली, खिशात टाकली आणि मागं न बघता धार उतरायला लागला.

निम्म्या वाटेवर, ओढा ओलांडायच्या जागी, समोरून आर्डिस येताना दिसली. पायात अंगणातले रबरी बूट, डोक्याला रुमाल. ह्या वाटेनं ती आयुष्यात चढली नव्हती, आणि आता भराभरा येत होती, दमही लागलेला नव्हता. ऑर्लिन काठी टेकत जागीच थांबला. त्याला वाटलं, नक्कीच कोणीतरी मेलं.

"अरे, तू खाली कशाला आलास?" ती लांबूनच म्हणाली. "आज चालू आहे! आज सूर्य मावळेपर्यंत चालू आहे!"

मग तिनं सगळं सांगितलं. दुसरा मेंढा कुणीतरी काल मारला होता. टेपवरची बाई म्हणत होती, हंगाम आज सूर्यास्ताला बंद. दुसरा पडला तरी थोडी मुदत देऊन बंद करतात, ही गोष्ट दोघांनाही माहीत होती, फक्त तिच्यासाठी कापड ठरवायचं राहून गेलं होतं. तिनं बराच विचार केला. चादर टांगावी तर तो उद्याही थांबेल आणि फसेल. गोधडी टांगावी तर आजचा दिवस फुकट जाईल.

"म्हणून दोन्ही टांगल्या," आर्डिस म्हणाली. "आज आहे, उद्या नाही. मला वाटलं सरळ आहे. जेवण झाल्यावर भांडी घासताना एकदम डोक्यात आलं, की तू ते बघून काय काय अर्थ काढत बसला असशील. तशीच निघाले."

दोघांनी वर बघितलं. खालचं सगळं रान सावलीत गेलं होतं. फक्त शिखराच्या टोकावर थोडं ऊन होतं, आणि ते बघता बघता पिवळ्याचं करडं झालं.

"दिसला होता का?" तिनं विचारलं.

ऑर्लिननं तिच्या बुटांकडे बघितलं. एका बुटात ओढ्याचं पाणी गेलं होतं, पाऊल टाकलं की पचपच वाजत होतं.

"छे," तो म्हणाला. "डोंगर रिकामाच आहे. तुझी गोधडी लाल असती नाहीतर हिरवी, काही फरक पडला नसता."

"बरं," आर्डिस म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरची पिशवी काढून आपल्या पाठीवर घेतली.

हिवाळ्यात खुब्याचं काम झालं. बीटाचा हंगाम त्याच्यावाचून पार पडला. डेलमर भेटायला यायचा, सांगायचा की तुझ्या जागी आलेला माणूस व्हॉल्व्ह एकदाच बंद करतो आणि विशेष म्हणजे तो बंद होतो. ऑर्लिन हसायचा. पण डेलमर गेला की पुन्हा तेच. आपण मेंढा गमावला, की मेंढा वाचवला, की बायकोला वाचवलं, की नुसते घाबरलो, याचा त्याला काही केल्या उलगडा होईना. दर वेळी उत्तर वेगळं यायचं. आणि विचारायचं कुणाला? एकदा डोंगर रिकामा होता म्हणून सांगून बसलेला.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा एका दुपारी आर्डिसनं त्याच्या मांडीवर एक घडी आणून ठेवली. गोधडी होती. नवी. हळदीसारखी पिवळी.

"ही आज आहे, उद्या नाही याची," ती म्हणाली.

ऑर्लिन त्या पिवळ्या कापडाकडे बघत राहिला. "आर्डिस, मी आता वर जाऊ शकत नाही. डॉक्टर काय म्हणाला ते तू ऐकलंस."

"तू नाही जायचंस. परवाना माझ्या नावावर काढलाय. तू माळावर राहा, दुकानात जा, फोन लाव आणि कपडे टांग."

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. तिनं त्याच्या बापाची बंदूक आधीच तेल लावून ठेवली होती, आणि दारात नवे बूट होते, बाईमाणसाच्या मापाचे.

"आता एवढंच सांग," आर्डिस त्याच्यासमोर बसली. "तो बसला होता कुठं?"

"कोण?"

"ऑर्लिन, सबंध हिवाळा तू झोपेत त्याच्याशी बोलतोयस. ऊठ म्हणतोस, जा म्हणतोस, मग परत बस म्हणतोस. त्यालाही काही कळत नसेल बिचाऱ्याला."

ऑर्लिनला आधी वाटलं नाही म्हणावं, मग वाटलं माफी मागावी, पण माफी नक्की कशाची तेही ठरेना. शेवटी त्यानं टेबलावरची मिठाची बाटली उचलून मधोमध ठेवली.

"ही धार," तो म्हणाला. मग त्यानं कॉफीचा कप बाटलीपलीकडे सरकवला. "आणि हा कडा. सकाळी वारा इकडून येतो."

तो सांगत राहिला आणि आर्डिस ऐकत राहिली. शिंगांचं सांगताना तो बोटानं हवेत वेढे काढत राहिला, तेव्हा तिनं फक्त कप थोडा जवळ ओढला आणि विचारलं, म्हणजे ह्या बाजूनं ना? सगळं सांगून झाल्यावर त्यानं पिवळी गोधडी उलगडली, पुन्हा घडी केली, उठून पांढऱ्या चादरीवर आणि लाल गोधडीवर नेऊन ठेवली. दारापर्यंत गेला, परत आला, तिन्हींना हात लावून बघितलं.

"पांढरी म्हणजे चालू," तो म्हणाला. "हो ना?"