जानेफळची रजई

बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी लोणारला आईवडिलांकडे सुट्टीवर होते. दिवस कापूस वेचणीचे होते. महाराष्ट्र राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता आणि चीनशी लढाई पेटली होती. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट होते. तारेत एकच ओळ होती: सुट्टी रद्द, हजर व्हा. आईने घरात होते तेवढे स्वेटर ट्रंकेत भरले. वडील एसटीपर्यंत आले. कोणी रडलं नाही.

अन्वय, ईरा, परवा परदेशातून फोनवर तुम्ही म्हणालात की घर गरम ठेवायचं बिल यंदा परवडत नाही. मी दोन-चार गोष्टी सुचवल्या तेव्हा ईरा हसली. "आजी, बुलढाण्यात कुठे बर्फ पडतो?" खरं आहे, पडत नाही. पण मी हे बुलढाण्यात शिकले नाही. कुठे शिकले आणि नंतर बुलढाण्यात त्याचं काय केलं, ते क्रमाने लिहिते.

माझं पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरातल्या एका तात्पुरत्या हॉस्पिटलात होतं. वॉर्ड टू माझ्याकडे. पत्र्याची लांब बराक, दोन्ही बाजूंना खाटा, मध्ये रॉकेलवर चालणारी बुखारी, म्हणजे धुराड्याची लोखंडी शेगडी. पेशंट बहुतेक फ्रॉस्टबाइटचे. बोटं काळी पडलेली. काहींना वरून न्यूमोनिया. सकाळी टेंपरेचर, मग ड्रेसिंग, मग मेजरसाहेबांचा राउंड. रोज तेच.

शिपाई महादेव हा मेहकर तालुक्यातल्या जानेफळचा. मी लोणारची आहे हे कळल्यावर त्याने पहिल्याच दिवशी नातं जोडलं.

"लोणारच्या? माही मावशी लोणारले देल्ली हाये. मंग तुम्ही सिस्टर नाही, ताई."

"वॉर्डात सिस्टरच म्हणायचं."

"हाव, ताई."

त्या आठवड्यात लोकांनी जवानांसाठी पाठवलेल्या रजयांचे गठ्ठे आले. प्रत्येक रजईच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने गावाचं नाव शिवलेलं. वाटताना एकीवर 'जानेफळ' दिसलं. मी ती महादेवला दिली. त्याने ती शेजारच्या खाटांवर सगळ्यांना दाखवली.

"पाहा ताई, गावानं पांघरूण धाडलं. मायच्या हातचा कापूस असन याच्यात. सितादहीचा."

हे तुम्हाला माहीत नसेल. आमच्याकडे वेचणी सुरू होते त्या दिवशी बायका शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडाला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्याला सितादही म्हणतात. त्यानंतर निघतो तो पहिल्या वेचणीचा कापूस, सगळ्यात पांढरा आणि लांब धाग्याचा. त्या वर्षी गावोगावच्या बायकांनी तो कापूस विकला नाही. जवानांना दिला.

मग बर्फ पडायला लागला आणि थांबेना. रस्ता बंद झाला. रॉकेल संपत आलं. मी फील्ड टेलिफोन फिरवला.

"वॉर्ड टू बोलतेय. रॉकेल?"

"निल. कन्व्हॉय खाली अडकलाय."

"कधी येईल?"

"रस्ता उघडेल तेव्हा. आहे त्यात भागवा, वॉर्ड टू."

"ठीक."

भागवलं. अर्ध्या बराकीला ताडपत्रीचा पडदा लावला आणि सगळ्या खाटा एका बाजूला आणल्या. जिथे माणूस झोपत नाही ती जागा तापवायची नाही. दाराला आतून एक आणि बाहेरून एक अशी कांबळी टांगली, म्हणजे एक उघडलं तरी दुसरं बंद राहतं. खिडक्यांच्या फटींत बँडेजच्या चिंध्या कोंबल्या. दोन ब्लँकेटांच्या मध्ये वर्तमानपत्रं घातली. कुकहाउसच्या चुलीवर विटा तापवून, टॉवेलात गुंडाळून पायाशी दिल्या. ऊन आलं की दक्षिणेचे पडदे उघडायचे, ऊन उतरायच्या आधी बंद. बुखारी दिवसातून थोडाच वेळ जळत होती, तरी वॉर्ड आधीपेक्षा उबदार राहिला. मुलांनो, तुम्हाला हवं ते सगळं या परिच्छेदात आहे. आधी ऊब अडवायची, मग पेटवायचं.

एक गोष्ट मात्र जमेना. रजईवाल्या पेशंटांची हुडहुडी थांबत नव्हती. ब्लँकेटवाल्यांची थांबली होती.

"ताई, मायच्या कापसात मले थंडी काऊन वाजून राह्यली?" महादेवने विचारलं. त्याच्या छातीत घरघर सुरू झाली होती.

मी कात्री घेतली आणि रजईची एक शिवण उसवली. आत कवडी होती. कवडी म्हणजे किडलेल्या, न उमललेल्या बोंडांचा पिवळा कापूस. त्यात सरकीचे तुकडे आणि पानांचा चुरा. सगळा कापूस गोळे होऊन कोपऱ्यांत गेला होता आणि मध्ये नुसतं कापड होतं. वऱ्हाडातल्या मुलीला हे कोणी सांगायला लागत नाही.

मी ब्लँकेटं आणली. महादेवने रजई सोडली नाही.

"राहू द्या ना. गावची हाये."

ब्लँकेटं अंगाला लावली आणि रजई वरून घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. न्यूमोनियाने गेला. रजईने गेला असं मी म्हणणार नाही, मी नर्स आहे. पण ज्या दिवसांत त्याला उबेची गरज होती, त्या दिवसांत त्याच्या अंगावर जनावरांचं खाद्य होतं.

उसवलेली रजई मी मेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी कवडी बोटांत धरून पाहिली.

"रिपोर्ट करायचाय, सर."

"कोणाविरुद्ध? हे कॉन्ट्रॅक्ट नाही, दान आहे. दानाची इन्स्पेक्शन होत नाही, सिस्टर."

"मग ही मी ठेवते, सर."

"ठेवा."

माझी सर्व्हिस संपली तेव्हा ती रजई ट्रंकेत होती. आमच्या भागातल्या एका छोट्या दवाखान्यात मी सिस्टर म्हणून लागले आणि पहिल्या रविवारी जानेफळला गेले. महादेवची आई यमुनाबाई अंगणात कापूस निवडत बसली होती. त्याच्याविषयी जे सांगायचं ते सांगितलं. रजई दाखवावी की नाही, हे मी ठरवलं नव्हतं. तिनेच माझ्या पिशवीतून ती ओढून घेतली, लाल दोऱ्यावर बोट फिरवलं, मग उसवलेल्या शिवणीत हात घातला. चेहरा बदलला नाही.

"हा आमचा कापूस नोहे, बाई."

"कोणाकडे दिला होता?"

"आप्पासाहेबाच्या गाडीत टाकला. त्याच्या गळ्यात हार बी घातला आम्ही."

आप्पासाहेब जवळच्या बाजाराच्या गावातले कापसाचे अडते. जवानांच्या रजया फुकट भरून देतो असं त्यांनी जाहीर केलं होतं. हिवाळ्यात त्यांच्या दुकानी रजया आणि कोळसा मिळायचा. तिथे कापूस पिंजणारा लतीफ त्याच दिवशी गावात गाद्या पिंजायला आला होता. आम्ही त्याला बोलावलं. त्याने रजई हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली.

"पांढरा माल गिरणीले इकला, कवडी जवानाले. दुकानातल्या रजयात बी कवडीच. मी इचारलं बी, मालक, हे काय? तं म्हणे, लतीफ, तुहं काम पिंजाचं, बोलाचं नाही."

यमुनाबाईने बाहेर आलेली कवडी शिवणीत परत कोंबली. मग म्हणाली, "त्याले पोलीस नको, मारझोड नको. माह्या लेकाले जशी थंडी वाजली, तशी त्याले वाजली पाह्यजे."

मी ते ऑर्डर म्हणून घेतलं.

पहिला हिवाळा टेहळणीचा. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारलं, घर कसं गरम ठेवता? उत्तर एकच: आप्पासाहेबांचा कोळसा, आप्पासाहेबांची रजई. दुसऱ्या हिवाळ्यात सुरुवात केली. आठवडी बाजारात, त्यांच्या दुकानासमोरच, त्यांचं काम सोडून आलेल्या लतीफने पिंजण मांडलं. यमुनाबाई शेजारी बसली. मी उभी राहिले. आप्पासाहेबांकडची रजई घेऊन येणाऱ्याची आम्ही लोकांसमोर उसवायचो.

"आप्पासाहेब," एका बाईने आतली सरकी तळहातावर घेऊन दुकानाकडे ओरडून विचारलं, "हे पांघरू का म्हशीले खाऊ घालू?"

बाजार हसला. मग लतीफ तिथेच घरचा कापूस पिंजून भरायचा. जुन्या चपट्या रजया पिंजल्या की नव्यासारख्या फुगतात, ऊब कापसात नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते, हे मी बायकांना सांगायचे. पत्र्याखाली तरटाचं छत, दाराला दुहेरी पडदा, पायाशी गरम वीट, सगळ्यांनी एका खोलीत झोपणं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही, त्या धुराने माणूस झोपेतच जातो, हेही. वॉर्ड टूचं सगळं ड्रिल मी लांबच्या वडनेर भोलजी गावापर्यंत नेलं. ज्या घरात पोतंभर कोळसा लागायचा तिथे पाटीभर पुरायला लागला. मी लोकांचं भलं करत होते असं लोक म्हणायचे. मी एका माणसाचं दुकान मारत होते.

आप्पासाहेब एकदा दवाखान्यात आले.

"सिस्टरबाई, आमच्या पोटावर काऊन पाय देता? आम्ही जवानांले दान देल्लं."

"माहीत आहे. त्याच दानाची इन्स्पेक्शन चालू आहे."

ते निघून गेले. पुढच्या हिवाळ्यात दुकानाला कुलूप लागलं. मला समाधान झालं. अजून आहे.

त्यानंतरच्या पौषात आप्पासाहेबांना बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. न्यूमोनिया. मी पेनिसिलिन वेळेवर दिलं. एकही डोस चुकला नाही. नाडी, टेंपरेचर, गरम पाणी, सगळं नियमाने. पांघरूण मात्र मी निवडलं. ट्रंकेतून जानेफळची रजई काढली, शिवण घातली आणि त्यांच्या अंगावर टाकली.

"सिस्टर, दुसरं काही द्या. थंडी वाजून राह्यली."

"ही जवानांना चालली."

त्यांनी कोपऱ्यातलं लाल नाव वाचलं. पुन्हा मागणी केली नाही.

निरोप धाडल्यावर यमुनाबाई आली. खाटेपाशी उभी राहिली. रजईखाली हात घालून तिने त्यांचे पाय चाचपले.

"महादूचे पाय असेच व्हते काय?"

"याहून गार होते."

"मंग राहू द्या."

ती बाहेर जाऊन उन्हात बसली. आप्पासाहेब बरे होऊन घरी गेले. आपल्याला कशाने थंडी वाजली, हे ते मरेपर्यंत विसरले नसतील.

यमुनाबाई होती तोवर दर वर्षी सितादही झालं की पहिल्या वेचणीचा कापूस माझ्याकडे यायचा. ती गेल्यावर तिचे पुतणे पाठवतात. यंदाचा लतीफच्या मुलाने पिंजला. तुमच्यासाठी दोन रजया पार्सलने धाडल्या आहेत. हीटर खाली करा, रिकाम्या खोल्या बंद करा, या पांघरा.

कोपऱ्यात लाल दोऱ्याने नाव आहे. या वेळी गावाचं नाही. शिपाई महादेव, वॉर्ड टू. धुताना तो दोरा उसवू देऊ नका.