नुसती सुन्न करायची सुई

मी भूलतज्ज्ञ आहे. शहापूरला राहते आणि गाडीत स्वतःची औषधं, स्वतःच्या नळ्या टाकून मुरबाडपर्यंतच्या छोट्या दवाखान्यांत भूल द्यायला जाते. या कामात नाना तऱ्हेचे डॉक्टर पाहिले. काहींचा राग आला, काहींची कीव आली. मनापासून तुच्छ वाटला तो एकच, मुरबाडचा एक सर्जन.

त्याच्या केबिनमध्ये पुढाऱ्यांकडून शाल घेतानाचे फोटो होते, मोठ्या फ्रेममधले. ऑपरेशनच्या खोलीत रुग्णाच्या बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा मात्र चिकटपट्टीने बांधलेला. तो बदला म्हणून मी कितीदा सांगितलं. तो हसायचा. "मॅडम, तुम्ही फार घाबरता. आपण काय हार्टची ऑपरेशनं करतो का इथे?"

त्या सकाळी म्हसा गावाच्या वरच्या बाजूच्या एका पाड्यावरची बाई आली होती. पन्नाशीची, अंगाने काटकुळी. दोन्ही हातांवर आणि पाठीवर चरबीच्या गाठी. त्यातली खांद्यावरची तेवढी दुखायची, कारण लाकडाची मोळी तिथेच टेकायची. तेवढीच काढून द्या, असं तिचं म्हणणं होतं. सर्जनने सगळ्या एकदम काढायचं ठरवलं आणि मला म्हणाला, "ते दुधासारखं इंजेक्शन द्या, झोपवा तिला."

मी बाईला विचारलं, सकाळपासून काय खाल्लंस.

"भाकर नि चाय. लांबून यायचं व्हतं, उपाशी कशी येऊ?"

उपाशी यायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सर्जनला म्हटलं, भरल्या पोटी झोपवलं आणि उलटी झाली तर ती फुप्फुसात जाईल. घाईची केस नाही, उद्या करू.

"उद्या येते कशाला ती? राहू द्या, तुम्ही चहा घ्या. मी नुसती सुन्न करायची सुई देतो. त्याला भूलतज्ज्ञ लागत नाही."

दुपारी तिथेच दुसरी केस होती, म्हणून मी थांबले. पण लक्ष ऑपरेशनच्या खोलीकडेच होतं. सुन्न करायचं औषध म्हणजे पाणी, अशी त्याची पक्की समजूत होती. माणसाच्या वजनावर त्याची मर्यादा ठरते. ती ओलांडली की रक्तात चढलेलं औषध आधी मेंदूला धरतं, मग हृदयाला. हे त्याने कॉलेजात शिकून परीक्षेत लिहिलं असणार. पास झाल्यावर त्याला त्याची गरज उरली नव्हती.

मी आत गेले, तेव्हा तो तिसऱ्या गाठीभोवती सुई टोचत होता. ट्रेमध्ये एक बाटली रिकामी होती, दुसरी अर्ध्यावर आली होती.

"किती दिलंत?" मी विचारलं.

"लागेल तेवढं."

बाई पालथी पडून माझ्याकडे बघत होती. जड जिभेने म्हणाली, "बाय, तोंडात लोखंड चाटल्यावानी लागतंय. कानात भुंगा शिरलाय. व्हट मुके झालंत."

"घाबरलीय," सर्जन म्हणाला. "मावशी, देवाचं नाव घ्या."

"सुई बाहेर काढा," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तेव्हा मी त्याचं मनगट धरून हात बाजूला केला. तेवढ्यात बाईचे डोळे वर गेले आणि सगळं अंग झटके देऊ लागलं.

आम्ही तिला उताणं केलं. मी मास्क धरून ऑक्सिजन दिला, शिरेतून झटके थांबवायचं औषध दिलं आणि सिस्टरला माझ्या बॅगेतली पांढरी, तेलकट सलाईनची बाटली लावायला सांगितली. रक्तातलं जास्तीचं औषध ती ओढून घेते. सर्जन भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातात अजून ती सुई होती. "हे असं कधी होत नाही," एवढंच तो म्हणत राहिला.

झटके थांबले. नाडी थोडा वेळ अडखळली, मग सुधारली. बाईने डोळे उघडून मुलीला हाक मारली.

मुलगी बाहेर बाकावर बसलेली. माझ्याआधी सर्जन तिच्याकडे पोचला. भिंतीशी हरवलेला आवाज दारातून बाहेर पडेपर्यंत त्याला परत सापडला होता. "तुझ्या आईला फिट येते हे तुम्ही लपवलंत. थोडक्यात वाचवली मी तिला."

"आयला फिट कदी आली नाय," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा असा पडला, जणू खरंच तिचंच काही चुकलं होतं.

मी त्याच्यासमोर तिला सांगितलं, "तुझ्या आईला फिटचा आजार नाही. सुन्न करायचं औषध तिच्या अंगाला झेपेल त्याहून जास्त दिलं गेलं, त्याने झालं हे. पुढे कुठेही इंजेक्शन घ्यायचं झालं तर डॉक्टरला हे आधी सांगायचं."

"मॅडम, आत येऊन बोला," सर्जन म्हणाला.

"माझं बोलून झालंय," मी म्हटलं आणि बाईपाशी जाऊन बसले. दुपारची केस मी घेतली नाही. रुग्णवाहिका आली, तेव्हा बाईबरोबर मोठ्या दवाखान्यापर्यंत गेले. वाटेत तिने विचारलं, "गाठ निंगाली का?"

एकही निघाली नव्हती. पुढे मी शहापूरला तिची सोय करते म्हणून निरोप पाठवला, खांद्यावरची एकच, थोड्या औषधात. ती आली नाही. मुलीने फोनवर सांगितलं, "आय बोलते, मोळी दुसऱ्या खांद्यावर घेईन." मी आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

सर्जनचा फोन पावसाळ्यानंतर आला. आवाजात नेहमीचाच रुबाब. हर्नियाची केस आहे, येता का. मी विचारलं, त्या बाईची पुढे कधी चौकशी केलीत का?

"कुठली बाई?"

तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी येणार नाही असं सांगून फोन ठेवला आणि त्याचा नंबर काढून टाकला.